पॅच पाठवा, मंगळावर पोहोचा!

तुमच्या हातातला फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या मुळाशी लिनक्स आहे. स्मार्टफोन कोणताही असला तरी त्यात एसक्यूलाइट नावाचा छोटा डेटाबेस असतोच. दोन्हींचा कोड कुणीही उघडून वाचू शकतो. पण तो लिहितं कोण, तपासतं कोण, आणि 'चला, आज नवी आवृत्ती बाहेर काढू' हे ठरवतं कोण? ओपन सोर्सच्या या जगात शिस्त कडक आहे, माणसं मनस्वी आहेत आणि किस्से तर भरपूर. त्यातले हे काही निवडक.

बारसं दुसऱ्यानेच केलं

२५ ऑगस्ट १९९१. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. पुढच्याच महिन्यात ०.०१ ही पहिली आवृत्ती आली. सगळा मिळून कोड दहा हजार ओळींच्या आसपास! लिनसच्या मनात नाव होतं 'फ्रीक्स'. पण ज्या सर्व्हरवर फाइल्स ठेवायच्या होत्या, तो सांभाळणाऱ्या आरी लेम्के यांना ते काही रुचेना. त्यांनी फोल्डरला सरळ 'लिनक्स' नाव दिलं. तेच जगभर गेलं.

रविवारचा मुहूर्त

लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि बहुतेक वेळा रविवारीच येते. पहिले दोन आठवडे 'मर्ज विंडो'चे. नवं काही घालायचं असेल तर एवढ्याच काळात. मग दार बंद. त्यानंतर दर रविवारी एक 'रिलीज कँडिडेट', म्हणजे तपासणीसाठीची उमेदवार आवृत्ती. आरसी-१, आरसी-२ असं करत आरसी-७ किंवा आरसी-८ पर्यंत फक्त दुरुस्त्या चालतात. एका आवृत्तीत साधारण दोन हजार जणांचं काम असतं. आणि इतक्या अवाढव्य प्रकल्पात कोड पाठवायचा रस्ता आजही तोच आहे: साधा ईमेल.

प्रत्येक पॅचखाली सही

कर्नलला पाठवलेल्या प्रत्येक पॅचखाली, म्हणजे कोडमधल्या बदलाखाली, 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ आणि पुढे नाव लागतं. ही पद्धत २००४ पासूनची. कोड कुणाच्या मालकीचा यावरून तेव्हा कोर्टकज्जे सुरू होते. म्हणून नियम आला, की हा कोड देण्याचा मला हक्क आहे असं प्रत्येकाने सही करून सांगायचं. या सहीच्या जोडीला आणखी ओळी येतात: कोणी तपासलं, कोणी चालवून पाहिलं, चूक कोणी कळवली. म्हणजे एक ओळही न लिहिता, फक्त बग नीट कळवणाऱ्याचं नावसुद्धा कर्नलच्या इतिहासात कायमचं नोंदलं जातं. श्रेय वाटण्याची इतकी चोख पद्धत फार थोड्या क्षेत्रांत असेल.

चार दिवसांत उभं राहिलेलं हत्यार

कोडमधले बदल सांभाळायला लिनक्सची मंडळी बिटकीपर हे खासगी सॉफ्टवेअर वापरत होती. २००५ मध्ये त्याचा फुकट वापर बंद झाला. टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं. ७ एप्रिलला ते साधन आपलाच कोड सांभाळू लागलं होतं आणि जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती त्याच्याच मदतीने बाहेर पडली. हेच ते गिट! जुलैमध्ये त्यांनी गिटची सूत्रं जुनिओ हामानो यांच्याकडे दिली आणि हामानो यांनी ती वर्षानुवर्षं निष्ठेने सांभाळली. सुरुवात करणाऱ्याचं कौतुक होतंच, पण सांभाळणाऱ्याचंही तेवढंच व्हायला हवं.

आकड्यांची गंमत

आवृत्तीचा आकडा ठरतो कसा? ज्याची त्याची तऱ्हा!

• लिनक्स २.६.३९ नंतर थेट ३.० आलं, ते २०११ मध्ये, विसाव्या वर्षाच्या निमित्ताने. ४.२० नंतर ५.० का? टोरवाल्ड्स म्हणाले, मोजायला हातापायांची बोटं संपली.

• उबुंटू या लिनक्स वितरणाचा आकडा म्हणजे तारीख. ४.१० म्हणजे ऑक्टोबर २००४. एकदाच वेळापत्रक दोन महिन्यांनी घसरलं आणि २००६ मध्ये ६.०४ ऐवजी ६.०६ आलं. उशीर झाला हे आकडाच सांगतो.

• ईमॅक्स हे मजकूर लिहिण्याचं साधन १.१२ वरून एकदम १३ वर गेलं. पुढचा १ कधी बदलणारच नसेल तर तो लिहायचा कशाला?

• इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या कर्ल या प्रकल्पाची या नावाने आलेली पहिलीच आवृत्ती ४.० होती, कारण आधीच्या दोन नावांचे आकडे तिने पुढे चालवले. तारीख २० मार्च १९९८. बरोबर २५ वर्षांनी, २० मार्च २०२३ ला, ८.०.० काढून वाढदिवस साजरा झाला.

• आता बरेच प्रकल्प तीन आकड्यांची रीत पाळतात. शेवटचा आकडा बदलला तर फक्त दुरुस्ती. मधला बदलला तर नवी सोय, पण जुनं सगळं चालू. पहिला बदलला तर सावधान, जुनं काही मोडू शकतं!

पायच्या दिशेने

गणिताची पुस्तकं सुबक छापता यावीत म्हणून डोनाल्ड क्नूथ यांनी टेक हे सॉफ्टवेअर लिहिलं. त्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत पायचा (π) एकेक आकडा वाढतो. २०२१ ची आवृत्ती आहे ३.१४१५९२६५३. दुरुस्त्यांमधलं अंतरही दर खेपेला वाढत जातं: २०१४, २०२१ आणि पुढची फेरी २०२९. आपल्या मृत्यूनंतर आकडा थेट π करावा आणि उरलेल्या चुका कायमच्या तशाच ठेवाव्यात, असं क्नूथ यांनी सांगून ठेवलंय.

चूक दाखवणाऱ्याला ते बक्षीस देत. पुस्तकातल्या चुकीला २.५६ डॉलर, तर टेकमधल्या बगची रक्कम वाढत वाढत ३२७.६८ डॉलरवर गेली. कित्येकांनी चेक बँकेत भरलाच नाही, फ्रेम करून भिंतीवर लावला!

पायथॉन या भाषेलाही पायचा योग साधता आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिची ३.१४ ही आवृत्ती आली.

खेळणी, गाणी आणि जॅझ

डेबियन या लिनक्स वितरणाच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी'तल्या खेळण्यांची नावं असतात: बझ, वुडी, जेसी, बुकवर्म, ट्रिक्सी. ही प्रथा सुरू झाली तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्येच कामाला होते. जिथे रोज तोडफोड आणि जोडकाम चालतं, त्या कायम अस्थिर शाखेचं नाव सिड, म्हणजे सिनेमात खेळणी मोडणारा पोरगा.

डेबियनची १.० ही अधिकृत आवृत्ती मात्र कधी आलीच नाही. १९९५ मध्ये एका सीडी विक्रेत्याने अर्धवट कामालाच १.० म्हणून विकलं. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून प्रकल्पाने तो आकडाच सोडला आणि १.१ पासून सुरुवात केली.

ओपनबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते. २००१ मध्ये आलेल्या ३.० पासून आवृत्तीसोबत खास रचलेलं गाणं द्यायची प्रथा तिथे पडली. वेबसाइट बनवण्याच्या वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्त्यांना जॅझ कलावंतांची नावं मिळतात. पहिला मान माइल्स डेव्हिसचा. शिवाय त्या आवृत्तीला हातभार लावणाऱ्यांची यादी वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवरच वाचायला मिळते.

कुणी पंधरा वर्षं, कुणी सहा आठवडे

विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ मध्ये सुरू झालं. १.० आलं २००८ मध्ये, म्हणजे १५ वर्षांनी! चित्रं काढण्याचं इंकस्केप २००३ चं. त्याचं १.० उगवलं मे २०२० मध्ये. मधल्या काळात लाखो लोक ते वापरतच होते, पण करणाऱ्यांना 'पूर्ण झालं' म्हणायची घाई नव्हती.

रस्ट या भाषेचा खाक्या उलटा. २०१५ मध्ये १.० आल्यापासून दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती, गुरुवारी. तुमचं काम तयार नसेल तर ते मुंबईच्या लोकलसारखं पुढच्या गाडीला जातं. गाडी कुणासाठी थांबत नाही, म्हणूनच कुणी अर्धवट काम घाईने आत कोंबत नाही. आणि गाडी सुटण्याआधी क्रेटर नावाचं साधन जगभरातली रस्टची सार्वजनिक पॅकेजेस नव्या आवृत्तीवर चालवून बघतं, कुठे काही मोडत तर नाही ना!

अर्ध्या सेकंदाने वाचवलं जग

मार्च २०२४. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या सिड शाखेवर वेग मोजत होते. दूरच्या मशीनवर लॉग-इन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. माग काढत ते एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनापाशी पोहोचले. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा दडवलेला होता!

दडवणाऱ्याने दोनेक वर्षं चांगले पॅच पाठवून विश्वास कमावला होता आणि एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या थकलेल्या मेन्टेनरच्या जोडीला तो सहमेन्टेनर बनला होता. खरी मेख रिलीजमध्ये होती. सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये घातक माल चाचणीच्या फाइल म्हणून निपचित पडून होता. त्याला जागं करणारा तुकडा फक्त रिलीज म्हणून वाटलेल्या गठ्ठ्यात होता. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी प्रकार जाहीर केला. त्या आवृत्त्या बहुतेक स्थिर वितरणांत पोहोचण्याआधीच मागे घेतल्या गेल्या.

म्हणून 'रिप्रोड्युसिबल बिल्ड' ही चळवळ महत्त्वाची आहे. उघड कोडपासून कुणीही, कुठेही बांधणी केली तरी शेवटची फाइल बिट अन् बिट तीच यायला हवी, असा तिचा आग्रह. आणि एकट्या मेन्टेनरला वेळेवर साथ देणं हाही सुरक्षेचाच भाग आहे.

अकरा ओळींचा हिसका

२२ मार्च २०१६ ला एका प्रोग्रामरने नावाच्या वादातून आपली सगळी पॅकेजेस एनपीएम या भांडारातून काढून घेतली. त्यात होतं लेफ्ट-पॅड, अवघ्या अकरा ओळींचं. काम काय? मजकुराच्या डावीकडे जागा भरणं. पण बेबलसारखी बडी साधनं त्यावर विसंबून होती. जगभरात बिल्ड धडाधड कोसळले. काही तासांत पॅकेज परत आणावं लागलं आणि पॅकेज काढून घेण्याचे नियमही कडक झाले.

कोड सर्वांचा, पॅच मात्र नको

एसक्यूलाइटचा कोड कुठल्याही परवान्याशिवाय थेट सार्वजनिक मालकीचा आहे. घ्या, बदला, विका. पण बाहेरून सहसा पॅच घेतला जात नाही. रिचर्ड हिप आणि त्यांचे मोजके सहकारीच लिहितात. एकाच्याही हक्काचा प्रश्न उभा राहिला तर सार्वजनिक मालकीलाच धक्का बसेल, म्हणून ही काळजी. २०५० पर्यंत साथ देण्याचं वचन त्यांनी जाहीरपणे दिलंय.

टी-शर्टचा मोह

ऑक्टोबरात चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडबदलाचे प्रस्ताव, पाठवा आणि टी-शर्ट मिळवा, असं एकेकाळी आवाहन असे! डिजिटलओशनने २०१४ मध्ये सुरू केलेल्या हॅक्टोबरफेस्टने हजारोंना ओपन सोर्सची वाट दाखवली. २०२० मध्ये मात्र एखादा शब्द घुसडून पाठवलेल्या बिनकामाच्या बदलांचा पूर आला. मेन्टेनर वैतागले. तेव्हापासून ज्या प्रकल्पांना भाग घ्यायचाय तेच भाग घेतात. धडा सरळ आहे: समोरचा माणूस फावल्या वेळात आपलं काम तपासतोय, त्याच्या वेळेचं मोल ठेवा.

कोड कुठे कुठे पोहोचला?

• मंगळावर: १९ एप्रिल २०२१ ला इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर तिथे उडालं. त्यामागे वापरलेल्या खुल्या सॉफ्टवेअरला हातभार लावणाऱ्या जवळपास १२,००० जणांच्या प्रोफाइलवर गिटहबने बिल्ला लावला. आपला कोड तिथवर गेलाय हे कित्येकांना तेव्हाच कळलं.

• बर्फाखाली: २०२० मध्ये २१ टेराबाइट खुला कोड १८६ फिल्म रिळांवर उतरवून स्वालबार्डमधल्या जुन्या कोळसा खाणीत ठेवला गेला. उद्देश, हजार वर्षं टिकावा.

• ऑस्करला: ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बुडाल्यावर २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचा कोड खुला करून घेतला. त्याच ब्लेंडरवर बनलेल्या 'फ्लो'ने २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा ऑस्कर जिंकला.

आपल्या अंगणात

ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब, साठा असं सगळं सांभाळणारं खुलं सॉफ्टवेअर मुंबईत जन्मलं आणि आज देशोदेशीच्या कंपन्या ते वापरतात. मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बलू हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस मराठीतून वापरता येतात, तेही मेनूतला एकेक शब्द बसून भाषांतरित करणाऱ्यांमुळे. काही खुल्या देवनागरी फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दिसतात. हेही कुणीतरी मुद्दाम घडवून दिलेलं काम आहे.

आता तुमची पाळी

सुरुवात कोडनेच करायला हवी असं मुळीच नाही. रोज वापरता असा एक प्रकल्प निवडा. त्याची योगदानाची नियमावली आधी वाचा. 'गुड फर्स्ट इश्यू' असा टॅग असलेलं काम शोधा. बग दिसला तर कोणती आवृत्ती, काय केलं, काय झालं, हे नेमकं लिहा. रिलीज कँडिडेट आला की चालवून पाहा, कारण रिलीजच्या आधी सापडलेला बग सगळ्यात स्वस्तात सुटतो. मराठी भाषांतरात चुकीचा शब्द दिसला तर वैतागून पुढे जाऊ नका, दुरुस्ती पाठवा. पहिला पॅच परत आला तरी सुचवलेले बदल करून पुन्हा पाठवा. या जगातली कितीतरी मोठी नावं त्याच दारातून आत आली आहेत आणि ते दार मराठी माणसालाही तितकंच उघडं आहे.