घरची दुसरी पाळी

नोकरीची वेळ संपली की अनेक बायकांची दुसरी पाळी सुरू होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ९७. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच सुमारे २६ टक्के. स्त्रिया ८१ टक्के.

डोक्यातले काम तर कोणी मोजतही नाही. सिलिंडर कधी लावला, सासूबाईंच्या गोळ्या किती उरल्या, शाळेची फी कधी भरायची, ही उजळणी ऑफिसातही चालूच राहते. मनाला विसावा मिळत नाही. मग चिडचिड, अपुरी झोप आणि 'आपण कुठेच पुरे पडत नाही' ही अपराधी भावना.

पुरुषांची कोंडी वेगळी. कमावणे हीच त्यांची किंमत ठरते. नोकरी गेली, कर्ज थकले तरी रडायचे नाही, बोलायचे नाही, हे लहानपणीच शिकवलेले असते. भारतात आत्महत्या करणाऱ्या दर दहा जणांत सुमारे सात पुरुष असतात.

घरात कामाबरोबर त्याची आठवण ठेवणेही वाटून घ्या. डबा ज्याच्याकडे, त्याने भाजी आणण्यापासून डबा घासण्यापर्यंत सगळे पाहावे. उदासी किंवा निद्रानाश दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर डॉक्टरांना भेटा किंवा 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.