टेबलावरची वाघीण

इंग्रजीतील 'वॅगन' मराठीत आली आणि तिची 'वाघीण' झाली. मालगाडीच्या धुळकट डब्याला इतके रुबाबदार नाव क्वचितच लाभले असेल! माझे बालपण या वाघिणींच्या सहवासात, मिरजेच्या रेल्वे वसाहतीत गेले. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही लोहमार्ग एके काळी मिरजेत एकत्र येत. वडील मीटरगेजच्या मालगाडीवर गार्ड होते. गाडीच्या अखेरीस जोडलेला त्यांचा डबा हे माझ्या लेखी त्यांचे दुसरे घरच होते.

बँकेच्या सेवेतून निवृत्त झाल्यावर मुलाकडे म्हैसूरला आलो. बंगळूर-म्हैसूर हा लोहमार्ग १८८२ साली पूर्ण झाला, तोही मीटरगेजच. पुढे तो ब्रॉडगेज झाला. म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात (स्थापना १९७९) मीटरगेजवरील जुनी इंजिने आणि डबे पाहताना मनात आले, वडिलांचा डबा आता कोठे पाहायला मिळणार? त्याचे छायाचित्रही घरात नव्हते. पुण्याच्या कोथरूडमधील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पूर्वी पाहिले होते. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले ते विश्व १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. त्या आठवणीने धीर दिला. मुलाने त्रिमितीय छपाईचे यंत्र आणले आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी माझा कारखाना सुरू झाला.

प्रथम हिशेब मांडला. जगभर सर्वाधिक प्रचलित असलेले 'एच ओ' प्रमाण म्हणजे १:८७. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर रुंद. ८७ ने भागल्यास १९.३ मिलिमीटर येतात. बाजारातील रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर गेजवरून बेतलेले. म्हणजे आपली वाघीण त्यावर चालवायची तर चाकांमध्ये तडजोड अटळ! मीटरगेजचे ११.५ येतात आणि १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात. बार्शी लाइट रेल्वेच्या ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ होतात; तेथे ९ मिलिमीटरचे रूळ चालतात. आयुष्यभर पैशापैशाचा ताळा जुळविलेल्या मनाला हा फरक पचविणे सोपे गेले नाही.

सरावासाठी आजची उघडी 'बॉक्स-एन' वाघीण घेतली. मूळ लांबी सुमारे १०.७ मीटर, प्रतिकृतीत १२३ मिलिमीटर. पहिली छपाई प्लॅस्टिकच्या तारेची. या पद्धतीत वितळलेली तार ०.४ मिलिमीटरच्या छिद्रातून थरावर थर देत जाते. सांगाडा भक्कम झाला. पण रिव्हेट नाहीसे झाले आणि बाजूंवर थरांच्या रेघा उमटल्या. मग रेझिनकडे वळलो. द्रवरूप रेझिनवर अतिनील प्रकाश पडला की ते घट्ट होते आणि एकेक थर अवघा ०.०५ मिलिमीटरचा असू शकतो. रिव्हेट सुरेख उमटले, पण वाघिणीचा तळ पापडासारखा वाकला! मोठा सपाट भाग आडवा छापला, की प्रत्येक थर टाकीच्या तळाच्या पडद्यापासून सुटताना जोराने ओढला जातो. डबा तिरपा ठेवून आणि आधाराच्या काड्या वाढवून छापला, तेव्हा तळ सरळ आला. येथे एक सूचना आवर्जून करतो. कच्चे रेझिन त्वचेला अपायकारक असते. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि उरलेले रेझिन मोरीत ओतू नये.

दुसरा धडा जाडीचा. खऱ्या वाघिणीचा ५ मिलिमीटरचा पत्रा प्रमाणात ०.०६ मिलिमीटर होतो. एवढी पातळ भिंत छापली तरी हात लागताच मोडेल. म्हणून भिंत एक मिलिमीटरची ठेवली आणि वरची कडा तेवढी आतून तासून पातळ केली. पाहणाऱ्याची नजर कडेवरूनच जाडी ठरविते.

तिसरा धडा वजनाचा. वाघीण दिसायला देखणी, पण सांध्यावर आली की रुळांवरून घसरे. वजन केले तर जेमतेम ३० ग्रॅम! अमेरिकेतील राष्ट्रीय मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस अशी आहे. त्या हिशेबाने सुमारे ९७ ग्रॅम हवेत. तळाखाली लोखंडी पट्ट्या चिकटविल्या, धातूची चाके बसविली आणि वाघीण शहाण्यासारखी धावू लागली.

एवढ्या तयारीनंतर वडिलांचा डबा हाती घेतला. संग्रहालयातील डब्यांवरून चाके, चौकट आणि उंचीचा अंदाज आला. बाकीचे आठवणीतून काढावे लागले. चार वेळा छापला, चारही वेळा काहीतरी चुकल्यासारखे वाटले. मोजमापात चूक सापडेना. अखेर मिरजेहून अक्का आली, तेव्हा पाचवा नमुना तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "अरे, पायरी फार खाली घेतलीस. आपल्याला बाबा उचलून आत घ्यायचे ना?"

खरेच होते. मी डबा आजच्या माझ्या उंचीने आठवत होतो. तिने तो सहा वर्षांच्या मुलीच्या उंचीने आठवला. पायरी दीड मिलिमीटर वर घेतली, म्हणजे मूळ डब्यात सुमारे १३ सेंटिमीटर. सहावा नमुना आज माझ्या टेबलावर उभा आहे. २०२२ पासून रेल्वेने गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' हे नवे नाव दिले. माझ्या गाडीच्या अखेरच्या डब्यावर मात्र मी बारीक कुंचल्याने 'गार्ड' असेच लिहिले आहे.