बार्नेकल : शिंपला नव्हे, खेकड्याचा भाऊबंद

जबलपूरला नर्मदेकाठी ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ दिसेल, बार्नेकल दिसणार नाही. तो खाऱ्या आणि खाडीच्या मचूळ पाण्यातला जीव. नर्मदा परिक्रमेत मुखाशी समुद्र होडीने ओलांडावा लागतो; त्याचा मुलूख सुरू होतो तो तिकडे. कोकणातल्या खडकांवर मात्र पांढुरके, खरखरीत, वर भोक असलेले शंकू जागोजागी चिकटलेले असतात. पाहणाऱ्याची फसगत तिथेच होते.

गैरसमज : ही कालवांची पिल्लं आहेत.
वस्तुस्थिती : कालव मृदुकाय, तर बार्नेकल कोळंबी-खेकड्यांच्या गोत्रातला कवचधारी. लिनियसनेही त्याला शिंपल्यांतच बसवलं होतं. १८३० च्या सुमारास जॉन व्हॉन टॉम्पसन यांनी एका पोहणाऱ्या अळीचं रूपांतर होताना पाहिलं आणि खरं गोत्र कळलं. पुढे चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं बार्नेकलच्या अभ्यासात घालवली. मुंबई बंदरात सापडणाऱ्या ॲम्फिट्राइट जातीचं नावही त्यानेच १८५४ मध्ये दिलं.

गैरसमज : तो जन्मापासून खडकालाच चिकटलेला असतो.
वस्तुस्थिती : अंडी आईच्या कवचात उबतात. बाहेर पडलेली नॉप्लियस अळी पाण्यात तरंगत खाते, कात टाकत वाढते. तिची पुढची अवस्था म्हणजे सायप्रिड. ही काहीच खात नाही. तिचं काम एकच, जागा शोधणं. स्पर्शिकांवर चालत ती पृष्ठभाग चाचपते आणि आपल्या जातीच्या मोठ्या बार्नेकलांचा रासायनिक माग लागला की तिथे थांबते. मग स्पर्शिकांतून चिकट द्रव सोडून डोक्याकडून कायमची चिकटते. त्यानंतर मुक्काम हलत नाही.

गैरसमज : एका जागी बसलेल्याला जोडीदार मिळत नाही.
वस्तुस्थिती : शेजार पाहून बसण्याचा फायदा इथे होतो. बहुतेक बार्नेकल उभयलिंगी असतात, तरी सहसा शेजाऱ्याशीच समागम करतात. त्यासाठी शिश्न लांबवून शेजारच्या कवचात पोचवतात. काही जातींत ते शरीराच्या आठपट लांब होतं.

गैरसमज : ओहोटीला ते मेलेले असतात.
वस्तुस्थिती : दारं लावून, आत ओल धरून ते बसलेले असतात. भरती आली की झडपा उघडतात आणि पिसांसारखे पाय बाहेर येऊन पाण्यातलं सूक्ष्म अन्न ओढून घेतात.

गैरसमज : कासवांवरचे, देवमाशांवरचे बार्नेकल रक्त पितात.
वस्तुस्थिती : त्यांना हवी असते ती बसायला जागा, अन्न ते पाण्यातूनच गाळतात. फार दाटी झाली तर यजमानाला ओझं होतं, एवढंच. खरा परजीवी म्हणजे त्यांचा नातलग सॅक्युलिना. तो खेकड्याच्या शरीरात मुळांसारखा पसरतो.

गैरसमज : बार्नेकल मेला की होडीवरून आपोआप गळतो.
वस्तुस्थिती : जीव जातो, पण कवच आणि डिंक तसेच राहतात. तळ खरबरीत होऊन पाण्याचा अडथळा वाढतो, इंधन जास्त लागतं. म्हणून होडी ओढून तळ खरवडावा लागतो. त्यापेक्षा सायप्रिडला बसूच न देणारा रंग लावणं शहाणपणाचं. असे रंग बनवण्याचं काम अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेतही झालं आहे.