घरच्या फोटोंसाठी पहिला मिररलेस कॅमेरा : पैसा बॉडीत घालावा की लेन्समध्ये?

दोन वर्षांपूर्वी ईदच्या संध्याकाळी रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरी सारे कुटुंब जमले होते. ८६ वर्षांच्या दादी खाटेवर बसल्या होत्या आणि सव्वा वर्षाचा पणतू त्यांच्या मांडीवर बसून चष्मा ओढत होता. आमच्या हातात नुकताच घेतलेला मिररलेस कॅमेरा होता. तासाभरात आम्ही दोनशेच्या वर फोटो काढले. रात्री संगणकावर पाहतो तो काय, बहुतेक फोटोंत पणतूचा चेहरा पुसल्यासारखा आणि दादींचा हात धूसर. त्याच थंडीत दादींचा इंतकाल झाला.

कॅमेऱ्यात कसलाच बिघाड नव्हता. चूक खरेदीत होती. दुकानदाराने 'दोन लेन्सचा सेट, वर बॅग आणि स्टँड फुकट' असे सांगितले आणि आम्ही ते घेऊन आलो. हा कॅमेरा कोणत्या खोलीत, कोणत्या दिव्याखाली चालवायचा आहे, हे दुकानदाराने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. पहिला कॅमेरा घेणाऱ्या वाचकांचे पैसे आणि प्रसंग वाया जाऊ नयेत, म्हणून हा लेखप्रपंच.

मिररलेस म्हणजे काय?

जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश एका आरशावरून डोळ्यापर्यंत पोहोचत असे. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकला आहे. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि चित्र पडद्यावर दिसते. या जातीचा पहिला कॅमेरा, पॅनासोनिकचा जी १, २००८ साली आला. कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ साली मोठ्या सेन्सरचे मिररलेस कॅमेरे आणले आणि त्यानंतर बाजाराचा कल पालटला. घरगुती वापराच्या दृष्टीने याचा मोठा फायदा म्हणजे आजचे मिररलेस कॅमेरे माणसाचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरतात. धावणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही सोय फार मोलाची आहे.

तरीही एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. उन्हात, अंगणात, सहलीत चांगला मोबाइल पुष्कळ काम भागवतो. कॅमेऱ्याची खरी गरज भासते ती संध्याकाळी घरात, ट्यूबलाइटखाली, हलणाऱ्या माणसांचे फोटो काढताना. म्हणून खरेदीची परीक्षाही तिथेच घ्यावी.

ट्यूबलाइटचा हिशेब

प्रत्येक लेन्सवर 'एफ' असा आकडा असतो. तो जितका लहान, तितकी लेन्स जास्त प्रकाश आत घेते. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सचा, म्हणजे किट लेन्सचा, हा आकडा झूम पूर्ण वाढवल्यावर ५.६ किंवा ६.३ होतो. एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट प्रकाश घेते.

आमच्या बैठकीच्या खोलीत आम्ही हे करून पाहिले. आयएसओ ३२०० ठेवून एफ ५.६ वर शटरचा वेग सेकंदाचा चाळिसावा भाग आला. त्याच जागी एफ १.८ वर तो चारशेवा भाग झाला. शांत बसलेल्या माणसाला चाळिसावा भाग चालतो. खेळणाऱ्या मुलासाठी निदान दोनशेवा भाग तरी हवा. ईदच्या त्या फोटोंचे काय झाले, ते या दोन आकड्यांत आले.

दुकानात 'कंप रोखणारी लेन्स' म्हणून विक्रेता हमखास एक गुण सांगतो. तो खरा आहे, पण फोटो काढणाऱ्याचा हात हलला तर त्याचा उपयोग. मूल हलले तर त्याचा काही उपयोग नाही.

खोली किती मोठी आहे?

एफचा आकडा पाहून भागत नाही. लेन्सचे मिलिमीटरही पाहावे लागतात. पहिला कॅमेरा बहुधा एपीएस-सी सेन्सरचा असतो. सोनी, निकॉन, फुजीफिल्ममध्ये हा सेन्सर साधारण २३.५ मिलिमीटर रुंद, तर कॅननमध्ये २२.३ मिलिमीटर रुंद असतो. सेन्सरच्या रुंदीला लेन्सच्या मिलिमीटरने भागावे आणि समोरच्या अंतराने गुणावे, म्हणजे फोटोत किती रुंदी मावेल ते कळते.

दहा फुटांवरून फोटो काढल्यास ५० मिलिमीटरच्या लेन्सने कॅननवर जेमतेम साडेचार फूट रुंदी येते, म्हणजे दोन-तीन माणसे. ३५ मिलिमीटरने साडेसहा फुटांच्या आसपास. ३० मिलिमीटरने साडेसात फुटांच्या आसपास. २४ मिलिमीटरने निकॉनवर पावणेदहा फूट, म्हणजे सोफ्यावरचे सारे कुटुंब. स्वस्त म्हणून '५० ची एफ १.८' सर्रास सुचवली जाते. एकट्या मुलाच्या चेहऱ्यासाठी ती उत्तम आहे, पण मुंबई-ठाण्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती घेऊन पाठ भिंतीला लागते. तिथे २४ ते ३५ च्या दरम्यानची लेन्स घ्यावी.

काय घ्यावे?

बॉडी आणि किट लेन्स मिळून सुरुवातीच्या कॅमेऱ्यांची किंमत साधारण ५५ हजार ते एक लाख रुपयांच्या घरात असते. कॅननचा आर ५०, निकॉनचा झेड ३० व झेड ५० मार्क दोन, सोनीचा झेडव्ही-ई १० ही या वर्गातील ठळक नावे. यांपैकी झेड ३० आणि झेडव्ही-ई १० यांना डोळा लावून पाहायची खिडकी नाही. भर उन्हात मागच्या पडद्यावर नीट दिसत नाही, हे ध्यानात ठेवावे. कॅननच्या आर १०० चा पडदा जागचा हलत नाही आणि त्याला स्पर्शाची सोयही नाही. या वर्गातल्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत घरगुती अल्बमला जाणवेल असा फरक नसतो. हातात धरून सोयीचा वाटेल तो घ्यावा.

आमच्या मते किट लेन्स एकच घ्यावी. ती अंगणासाठी आणि मोठ्या गटासाठी उपयोगी पडते. दूरची दुसरी झूम लेन्स टाळून ते पैसे एका उजेडाच्या लेन्ससाठी राखावेत. निकॉनमध्ये २४ ची एफ १.७ आहे, सोनी आणि कॅननमध्ये ३५ ची एफ १.८ आहे. सिग्मा कंपनीची ३० ची एफ १.४ आता सोनी, फुजीफिल्म, निकॉन आणि कॅनन या चारही माउंटसाठी निघते. लेन्स बदलण्याचा कंटाळा असेल तर सिग्माचीच १८-५० ची एफ २.८ झूम सोनी, फुजीफिल्म व कॅननसाठी मिळते. पैसे कमी पडत असतील तर बॉडी एक पायरी खालची घ्यावी, पण ही लेन्स सोडू नये. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते. लेन्स पुढच्या बॉडीवरही चालते. फुल फ्रेमच्या मागे सुरुवातीला लागू नये, कारण त्याच्या लेन्सही महाग आणि जड असतात.

व्यवहाराच्या गोष्टी

कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ ऐवजी १८ टक्के झाला. 'बिलाशिवाय घ्या, स्वस्तात देतो' असे कोणी म्हणाल्यास तो माल बहुधा कंपनीच्या अधिकृत मार्गाने आलेला नसतो आणि त्यावर भारतातील वॉरंटी मिळत नाही. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि तो कॅमेऱ्यावरच्या नंबराशी ताडून पाहावा.

'बिनव्याजी हप्ता' ही योजनाही नीट वाचून घ्यावी. अनेकदा बँक व्याज लावते आणि तेवढीच सूट विक्रेता किमतीत देतो. त्या व्याजावर जीएसटी आणि वर प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्या माथी येते. ज्यांना व्याजाचा व्यवहार टाळायचा आहे, त्यांनी रोखीचा भाव वेगळा विचारावा.

जुना कॅमेरा घेण्यास हरकत नाही. मात्र शटर किती वेळा चालले ते पाहावे आणि लेन्समधून टॉर्चचा प्रकाश टाकून आत बुरशीचे जाळे नाही ना, याची खात्री करावी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी लवकर धरते. कॅननची ईओएस एम ही २०१२ सालची मालिका आता बंद झाली आहे; ती स्वस्त मिळाली तरी पुढे नव्या लेन्स मिळायच्या नाहीत. नवा असो वा जुना, कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. चामड्याच्या बॅगेत महिनोन्महिने कोंडून ठेवू नये.

शेवटचे काम

आम्ही पुढे ती दूरची झूम लेन्स विकली आणि ३० ची एफ १.४ घेतली. आता शटरचा वेग अडीचशेच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडायचा, एवढे दोनच नियम पाळतो. फोटोत थोडे दाणे येतात, पण चेहरा स्वच्छ येतो. दाणेदार फोटो लोक आवडीने पाहतात, हललेला कोणी पाहत नाही.

महिन्याकाठी फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवावेत आणि निवडक दहा-बारा कागदावर छापून घ्यावेत. दादींच्या त्या दोनशे फोटोंपैकी एकच बरा निघाला. पणतूने चष्मा सोडला होता आणि दोघेही क्षणभर स्थिर होते. तो आम्ही छापून भिंतीवर लावला आहे. वाचकांच्या घरी असा एकच फोटो उरू नये, म्हणून कॅमेरा घ्यायला निघण्यापूर्वी दिवेलागणीला आपल्या बैठकीच्या खोलीत उभे राहून पाहावे, भिंतीपासून सोफ्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि तो आकडा घेऊनच दुकानात जावे.