दिवाळीची पोस्त : कायदा, रिवाज आणि फॉरवर्ड होणारं गणित

दसरा उलटला की पनवेलजवळच्या सुकापुरात सोसायट्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न फिरू लागतो : वॉचमनला यंदा किती द्यायचे? माथेरान रस्त्याच्या आजूबाजूला वसलेल्या या वस्तीत तीन-चार मजल्यांच्या जुन्या इमारती भरपूर. वीस-पंचवीस बिऱ्हाडं, एक वॉचमन, जिना झाडणारी एक बाई, एवढाच कारभार. उत्तरंही ठरलेली असतात. एक पगार देणं कायद्यानेच बंधनकारक आहे, असं कुणी ठासून सांगतं. कायदा नाही तर मिठाईचा पुडा पुरे, असं दुसरं कुणी म्हणतं. तिसऱ्याच्या मते हा एजन्सीचा प्रश्न आहे. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती दरवर्षी टिकून राहतात. माझ्या मते दिवाळीला दिला जाणारा हा पैसा म्हणजे वर्षभराच्या मोबदल्याचा उशिरा दिलेला हप्ता आहे. सक्ती असो वा नसो, तो सोसायटीने आपल्या हिशेबात धरून द्यावा. माणसाला दारोदार उभं करून तो गोळा करायला लावू नये.

आधी कायद्याचं पाहू. बोनस प्रदान अधिनियम 1965 सालचा. नोव्हेंबर 2025 मध्ये 2019 ची वेतन संहिता लागू झाली आणि तिने त्याची जागा घेतली, पण मूळ चौकट तीच राहिली : वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेली आस्थापना, किमान बोनस 8.33 टक्के, कमाल 20 टक्के. एक वॉचमन आणि एक झाडूवाली असलेली सोसायटी या वीसच्या उंबरठ्याच्या जवळपासही पोहोचत नाही. शिवाय 2002 साली दिल्लीच्या सोम विहार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की केवळ आपल्याच सभासदांना सेवा पुरवणारी गृहसंस्था औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने उद्योग ठरत नाही. घरकामाच्या बाईंना तर बोनसचा कायदा लागूच होत नाही. महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्यातून घरमालकावर बोनसचं बंधन आलं नाही. म्हणजे ‘कायद्याने द्यावाच लागतो’ हे छोट्या सोसायटीपुरतं तरी चूक. मात्र त्यावरून ‘म्हणून काहीच देणं लागत नाही’ हा जो निष्कर्ष काढला जातो, तो घाईचा आहे. त्यासाठी बोनस आला कुठून हे पाहावं लागतं.

इथे एक लोकप्रिय फॉरवर्ड आडवा येतो. पूर्वी म्हणे पगार आठवड्याला मिळायचा; वर्षाचे 52 आठवडे म्हणजे चार-चार आठवड्यांचे 13 पगार; इंग्रजांनी महिन्याचा पगार आणून एक पगार गिळला; महाराष्ट्रातल्या कामगारांनी लढा दिला आणि 1940 साली तो तेरावा पगार बोनस म्हणून परत मिळवला. गणित इतकं सुबक आहे की खरं वाटावं. पण 1940 साली बोनसचा असा कोणताही कायदा झालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार त्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेला होता; पंधरवड्याची पद्धत होती ती अहमदाबादेत. खरा इतिहास जास्त खडबडीत आहे. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली आणि गिरण्यांचा नफाही फुगला, तेव्हा 1917 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारावर 10 टक्के युद्धबोनस दिला, पुढच्या वर्षी तो 15 टक्के झाला. नंतर काही वर्षं महिन्याच्या पगाराएवढी रक्कम मिळत गेली. 1923 चा बोनस मालकांनी नाकारला आणि 1924 च्या सुरुवातीला गिरण्या बंद पडल्या. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने सांगितलं, की कामगारांचा यावर बजावता येईल असा हक्क नाही. कामगार ती लढाई हरले. तरीही मागणी मेली नाही. 1950 साली कामगार अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून बोनस काढण्याचं सूत्र घालून दिलं, बोनसच्या प्रश्नावर मेहेर आयोग नेमला गेला आणि अखेर 1965 चा कायदा झाला. त्यातला किमान दर आधी 4 टक्केच होता, 8.33 वर तो सत्तरच्या दशकात आला, आणीबाणीत पुन्हा खाली ढकलला गेला आणि नंतर परत वर आला. शंभर भागिले बारा म्हणजे 8.33, म्हणजेच एका महिन्याचा पगार. ‘एक पगार’ हा रिवाज कायद्याशी जुळतो तो इथे, 52 आठवड्यांच्या हिशेबात नाही.

या इतिहासातून मी घेतो ती गोष्ट एवढीच : मिळणारा पगार वर्षाच्या खर्चाला पुरत नाही, ही जाणीव बोनसच्या मुळाशी आहे. गिरणीला नफा तरी होता. सोसायटीला तो नसतो, असा आक्षेप इथे रास्तपणे घेता येईल. पण सोसायटी वॉचमनचा पगार ठरवते तेव्हा दिवाळीचा पगार मिळेल हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेलं असतं. त्याच भरवशावर महिन्याचा आकडा कमी ठेवला जातो. मग ऐन वेळी ‘आमच्यावर बंधन नाही’ म्हणणं हे ठरलेल्या मजुरीला कात्री लावण्यासारखंच आहे. मिठाईचा पुडा प्रेमाने जरूर द्यावा, पण गावाकडे पाठवायच्या पैशांची जागा तो घेऊ शकत नाही.

परदेशातला अनुभव इथे बरेचदा पुढे केला जातो, आणि तोही अर्धवट. न्यूयॉर्कच्या इमारतींत नाताळच्या सुमारास डोअरमन, सुपरिंटेंडंट यांना प्रत्येक घर आपापलं पाकीट देतं, म्हणून इथेही ज्याने त्याने आपल्या मर्जीने द्यावं, असं तिकडे राहून आलेली मंडळी सुचवतात. त्या डोअरमनपैकी बरेच जण 32बीजे या कामगार संघटनेचे सभासद असतात. त्यांचा पगार, रजा, आरोग्यविमा लेखी कराराने बांधलेला असतो. पाकीट त्यावरची भर असते. आपल्याकडे ती भर नसून पगारातलीच खोट भरून काढणं आहे, त्यामुळे मर्जीची पद्धत तशीच उचलणं अन्यायाचं ठरतं. तुलना करायचीच तर फिलिपिन्सशी करावी. तिथे 1975 पासून तेरावा पगार कायद्याने ठरलेला आहे, वर्षाच्या मूळ पगाराचा बारावा हिस्सा, 24 डिसेंबरच्या आत. आणि 2013 च्या कायद्याने तो घरकामगारांनाही मिळतो. म्हणजे 52 आठवड्यांच्या कथेशिवायही हे करता येतं.

‘वॉचमन एजन्सीचा आहे, बोनस तीच देईल’ याचं उत्तर एजन्सीच्या बिलात असतं. अनेक कोटेशनमध्ये भविष्यनिर्वाह निधी, रजा यांच्यासोबत 8.33 टक्के बोनसची ओळ असते. ती असेल तर पैसे सोसायटी दरमहा मोजतेच आहे, आणि ते रक्षकाच्या हाती पडले का हे विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. ओळ नसेल तर एजन्सी आपल्या खिशातून देईल ही आशा भाबडी आहे. सुरक्षा रक्षक मंडळातून रक्षक घेतला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे 1981 च्या कायद्यानुसार पगारावर लेव्ही भरावी लागते आणि बोनस त्यातूनच दिला जातो.

दुसऱ्या टोकाला, दिवाळीत बेल वाजवणाऱ्या प्रत्येकाला पोस्त द्यायलाच हवी, हाही गैरसमज. गॅस सिलिंडरच्या किमतीत घरपोच देण्याचा आकार धरलेला असतो. वर पैसे देण्याची गरज नाही, असं तेल कंपन्याच सांगतात. पोस्टमन केंद्र सरकारचा कर्मचारी. 1964 च्या वर्तणूक नियमांनी त्याच्या भेटी स्वीकारण्यावर बंधनं घातलेली आहेत. अमेरिकेतल्या टपाल कर्मचाऱ्यालाही रोख रक्कम घेता येत नाही, वस्तू घेता येते तीही एका वेळी 20 डॉलरपर्यंतची. स्वखुशीने चहा-फराळ द्यायला कुणाची ना नसावी. पण ज्याचा पगार आपण ठरवतो आणि ज्याचा ठरवत नाही, यांत फरक करायला हवा.

‘एकदा दिलं की हक्क होऊन बसतो’ ही भीती कमिटीच्या बैठकीत हमखास निघते. ती अगदीच निराधार नाही. 1959 साली ग्रॅहम ट्रेडिंग कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सणाला दिला जाणारा पूजा बोनस रिवाजी कधी ठरतो याच्या कसोट्या घातल्या : बरीच वर्षं अखंड, तोट्याच्या वर्षीही आणि एकाच दराने दिलेला असावा. पण तो वाद व्यापारी कंपनीचा होता. आणि समजा वॉचमनला उद्या तो हक्क वाटलाच, तरी बिघडलं काय? आकडा पाहा. पगार 12,000 आणि घरं 24 असतील, तर एका घरावर वर्षाला 500 रुपये, महिन्याला 42 सुद्धा पडत नाहीत. आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखंच असतं, त्यामुळे वन बीएचके की टू बीएचके हा वादही उरत नाही. घर भाड्याने दिलं असेल तरी हा वाटा मालकाचा. भाड्याने दिलेल्या घरावरचं भोगवटेतर शुल्क वाढवून तो काढता येणार नाही, कारण त्याची मर्यादा सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर बांधलेली आहे. घरकामाच्या बाईंची पोस्त मात्र जो काम करून घेतो त्याची, मग तो भाडेकरू का असेना. पाच घरी काम करणाऱ्या बाईला प्रत्येक घराने आपण तिला देत असलेल्या पगाराएवढी रक्कम दिली तरच तिचा एक पगार पुरा होतो. ‘बाकीचे देतातच की’ म्हणून एका घराने हात आखडला, तर तिच्या हाती तेवढं कमीच पडतं. सहा महिनेच झाले असतील तर अर्धा द्यावा, हा हिशेब दोघांनाही पटतो.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि दिवाळी येते त्यानंतर काही आठवड्यांनी. विषयपत्रिकेवर एक ओळ घालून रक्कम तिथेच मंजूर करून घेतली आणि धनत्रयोदशीच्या आधी वॉचमनच्या खात्यात जमा केली, तर वही घेऊन मजल्यामजल्यावर फिरण्याचं काम उरत नाही. त्यावर कुणाला आपल्या मनाने आणखी काही द्यायचं असेल, तर त्याची नोंद कुणी ठेवायचं कारण नाही.