डेड की रिव्हॉल्व्हिंग? टेलस्टॉकचं सेंटर निवडताना

हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत जॉबवर्कच्या लेथवर टेलस्टॉकला बहुधा रिव्हॉल्व्हिंग सेंटर दिसतं. काही जण त्यालाच लाइव्ह सेंटर म्हणतात. त्याचं ६० अंशांचं टोक बेअरिंगवर जॉबबरोबर फिरतं, त्यामुळे जास्त आरपीएम आणि जाड कट त्याला झेपतात. रोजच्या कामाला तेच घ्यावं.

डेड सेंटर जागचं हलत नाही, जॉब त्याच्या टोकावर घासत फिरतो. म्हणून सेंटर होलमध्ये ग्रीस हवं आणि वेग बेताचा हवा. ग्रीस संपलं की आधी चिरका आवाज येतो, मग टोक निळं पडतं. कार्बाइडचं टोक असेल तर झीज बरीच कमी. पण बेअरिंगच नसल्यामुळे बेअरिंगचा रनआउटही नाही, आणि ही त्याची खरी ताकद आहे. सिलिंड्रिकल ग्राइंडिंगमध्ये आजही जॉब दोन डेड सेंटरमध्येच धरतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते उष्णतेकडे. ५०० मिमी लांबीचा पोलादी शाफ्ट ३० अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे ०.१७ मिमी वाढतो. टेलस्टॉक घट्ट आवळलेला असेल तर ही वाढ जाणार कुठे? शाफ्ट वाकतो, डेड सेंटर जळतं, रिव्हॉल्व्हिंगचं बेअरिंग भरडलं जातं. लांब जॉबवर अधूनमधून मशीन थांबवून टेलस्टॉकचा दाब सैल करून पुन्हा लावावा.

आणि सेंटर बसवण्याआधी मोर्स टेपर फडक्याने पुसावा. आत एक बारीक चिप अडकली तरी महागडं सेंटरही तिरकं बसतं.