मोत्याला रानात न्यायचं का?

महाराष्ट्राच्या नकाशात अगदी वर, नर्मदेच्या काठावर बोट ठेवा. नंदुरबार जिल्ह्यातलं मणिबेली हे गाव तिथेच आहे. सरदार सरोवराचं पाणी चढू लागलं, तेव्हा १९९३ च्या पावसाळ्यात इथली घरं बुडाली. काही कुटुंबं दूरच्या वसाहतींत गेली, तर काही तिथेच डोंगरउतारावर राहिली. सातपुड्यातल्या अशा पाड्यांवर शेळ्यांमागे कुणी रानात निघालं की मागोमाग कुत्राही निघतो. तो राखणदार असतो, त्याला ते रान ठाऊक असतं.

मग तुम्हाला वाटेल, सुट्टीत आपल्या मोत्यालाही अशा रानात न्यावं. काय मजा येईल! पण थांबा. शहरात वाढलेल्या मोत्याला रान नवं, आणि रानाला मोत्या नवा.

मणिबेलीला लागूनच गुजरातचं शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. तिथे अस्वलं राहतात. उन्हाळा लागला की मोहाची फुलं टपटप गळतात आणि ती खायला अस्वल पहाटेच झाडाखाली येतं. कुत्र्याला वास लागला की तो भुंकत पुढे धावणार. अस्वल चिडून अंगावर आलं, तर तो पळून कुठे येईल? थेट तुमच्याकडे! अस्वलही त्याच्या मागे! बिबट्याची गोष्ट आणखी वेगळी. कुत्रा म्हणजे त्याला सहज मिळणारी शिकारच.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा एक रोग आहे. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांकडून तो पसरला असावा, असं शास्त्रज्ञांना आढळलं. आपल्याकडे २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हाही काही सिंहांमध्ये याच रोगाचे विषाणू सापडले. मोत्या वरून ठणठणीत दिसला, तरी लस दिलेली नसेल तर तो रोग सोबत नेऊ शकतो, बरं का!

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात रेडवूड नावाचे प्रचंड वृक्ष आहेत. त्यातला एक तर ११५ मीटरहून उंच! तिथल्या राष्ट्रीय उद्यानात कुत्र्यांना तंबूंच्या तळावर आणि काही ठरलेल्या जागी नेता येतं, तेही आखूड दोरीने बांधून. जंगलातल्या पायवाटांवर मात्र मनाई! कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्या देशातही हा नियम आहे.

मग मोत्याने घरातच बसायचं का? छे! गावाजवळची टेकडी आहे, शेताचा बांध आहे. आधी आईबाबांबरोबर गुरांच्या दवाखान्यात जाऊन त्याला रेबीज आणि डिस्टेंपरची लस टोचून घ्या. दोरी हातातून सोडू नका. त्याच्यासाठी पाणी आणि पसरट भांडं घ्या. दुपारच्या तापल्या खडकांवर त्याचे पंजे भाजतात, म्हणून सकाळीच निघा. परत आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड चिकटली नाही ना, ते पाहा. अभयारण्यात जायचं असेल त्या दिवशी मात्र मोत्याला शेजारच्या काकूंकडे ठेवा.

तो दारात रुसून बसेल खरा. पण संध्याकाळी तुम्ही आलात की शेपटी हलवत धावत येईलच. आणि रानातलं अस्वलही आपल्या पिल्लांजवळ सुखात असेल!